एक लाख ओव्यांची खतावणी

टेंभुर्णीहून बोलतेय. भाकरी थापून झाल्या असतील तर बसा घटकाभर. नसतील झाल्या तर थापता थापता ऐका. रेडिओचं तेवढं बरं असतं, हात मोकळे राहतात.

आज सुरुवात माझ्या मोबाइलपासून करते. सहा वर्षांपूर्वी आमच्या घरी लग्न होतं. हळदीला जातं मांडलं, खुंट्याला हळकुंड बांधलं, आणि माझ्या दोन चुलत आजेसासवा, सख्ख्या जावा, जात्याला बसल्या. दोघींची सत्तरी कधीच उलटलेली. आम्ही पाच-पाच जणी नावापुरता हात लावून उठलो, त्या दोघी मात्र उठेनात. एकीनं सुरू केलं, दुसरीनं उचललं. मग दुसरीनं एकटीनं गायलं, मग पहिलीनं. मी मोबाइल काढला आणि दोन वेळा बटण दाबलं. मोबाइलनं त्याला आपल्या मनानं नाव दिलं, ‘न्यू रेकॉर्डिंग १२’ आणि ‘न्यू रेकॉर्डिंग १३’. मी पण तसंच राहू दिलं. लग्नघर होतं, पुरणाची डाळ शिजत होती, नाव द्यायला वेळ कुणाला?

त्या दोघीही आता नाहीत. मागच्या दिवाळीला नातवंडं जमली आणि कुणीतरी म्हणालं, आजीचा आवाज ऐकव. मी बारा नंबर लावला. एक म्हणाली, ही आमची आजी. दुसरी म्हणाली, छे, ही तर आमची. दोघींचे आवाज म्हातारपणी सारखेच बसलेले, त्यात मध्ये जात्याची घरघर. भांडण नाही झालं, पण घरात एक शांतता पसरली. आपल्या आजीचा आवाज आपल्याला ओळखता येत नाही, ही गोष्ट कुणाला सांगावी?

म्हणून आजचा विषय सूचीचा. वाचनालयात पुस्तकांची सूची असते, तशी गाण्यांची आणि आवाजाची सूची कशी करतात, आणि आपल्या महाराष्ट्रात ती कुणी केली. विषय ऐकायला रुक्ष वाटतो. पण तुमच्यापैकी बऱ्याच जणी देऊळगाव राजाकडच्या किंवा आपल्याच शिवारातल्या शेडनेटमध्ये बियाण्याच्या कामाला जातात. मिरचीच्या फुलाला हातानं पराग लावला की आपण काय करतो? त्या फुलाला दोरा बांधतो. दोरा नसला तर ते फळ कुठल्या नरमादीचं ते कोण सांगणार? फळ तर लागतंच, मिरचीही तिखटच असते, पण बियाणं म्हणून तिची किंमत शून्य. सूची म्हणजे तो दोरा.

पुस्तकाला दोरा बांधणं सोपं आहे. पुस्तक उघडलं की पहिल्या पानावर लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव, कुणी छापलं, कधी छापलं, सगळं लिहिलेलं असतं. वाचनालयाच्या दाखल नोंदवहीत ते उतरवायचं, क्रमांक टाकायचा. मग विषय पाहून कपाट ठरवायचं. एस. आर. रंगनाथन नावाचे मोठे ग्रंथपाल आपल्या देशात होऊन गेले, मूळचे गणिताचे शिक्षक. त्यांनी १९३३ साली विषयांची स्वतःची एक मांडणी छापली आणि ती जगभर अभ्यासली गेली. पुस्तकाचं झालं. पण गाण्याचं काय?

‘गीतरामायण’ घ्या. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून त्याचं पहिलं गीत लागलं आणि मग वर्षभर दर आठवड्याला एक अशी ५६ गीतं झाली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल सुधीर फडक्यांची. रेडिओवर ती वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली, फडक्यांनी स्वतःही गायली, आणि पुढे फडक्यांच्याच आवाजातली ध्वनिमुद्रणं घरोघर गेली. शब्द पुस्तक म्हणून वेगळे छापले गेले. आता सांगा, वाचनालयानं हे कुणाच्या नावावर लिहायचं? माडगूळकरांच्या, की फडक्यांच्या, की त्या दिवशी गाणाऱ्या बाईच्या? पुस्तक कवीखाली आणि तबकडी गायकाखाली लिहिली, तर पुस्तक शोधणाऱ्याला तबकडी आहे हे कळत नाही. म्हणून गाण्याच्या सूचीत एकाच वस्तूला तीन-तीन, चार-चार नावांनी वाटा ठेवाव्या लागतात. घराला पुढचं दार असतं, परसदार असतं, तसं. कुठूनही आलं तरी माणूस त्याच चुलीपाशी पोचला पाहिजे.

तबकडीची आणखी एक अडचण. पुस्तक चाळता येतं, आवाज चाळता येत नाही. कॅसेटकडे नुसतं पाहून तिच्यात भजन आहे की भाषण आहे ते कळत नाही. आत काय आहे हे बाहेर लिहिलेलं नसेल तर पूर्ण ऐकावीच लागते, आणि ऐकूनही गाणारी कोण ते कळेलच असं नाही. मी एका वाचनालयात (नाव घेत नाही) खोकाभर कॅसेट भंगारात जाताना पाहिल्या आहेत. वरच्या चिठ्ठ्या गळून पडल्या होत्या. तिथले गृहस्थ म्हणाले, काय आहे तेच माहीत नाही, ठेवून काय करू? त्यांचंही चूक नव्हतं.

ही अडचण अगदी पहिल्या दिवसापासूनची आहे. १९०२ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या ग्रामोफोन कंपनीचा माणूस, फ्रेडरिक गायसबर्ग, कलकत्त्याला आला. त्यानं गौहर जान या प्रसिद्ध गायिकेचं गाणं मुद्रित केलं. त्या वेळी आपल्याकडे तबकड्या छापायचा कारखाना नव्हता, तो कलकत्त्यालाच सियालदहला १९०८ साली निघाला. तोवर मूळ मुद्रण जहाजानं जर्मनीला, हॅनोव्हरला जायचं. तिथल्या कामगारांना ना भाषा कळणार, ना बाई माहीत. मग कुठल्या तबकडीवर कुणाचं नाव चिकटवायचं? त्यावर उपाय असा झाला की गाणं संपता संपता गौहर जान मोठ्यानं इंग्रजीत सांगायच्या, माझं नाव गौहर जान. आज ती तबकडी ऐकली की तीन मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी ते वाक्य ठसक्यात ऐकू येतं. लोक त्याला बाईंचा तोरा म्हणतात. असेलही तोरा, मला मात्र त्यात शहाणपण दिसतं. आपल्या आवाजाला त्यांनी स्वतःच दोरा बांधला. ती चिठ्ठी गळून पडूच शकत नाही.

आता आपल्या बायांकडे येऊ. गौहर जानला नाव सांगायची वेळ तरी मिळाली, आपल्या आज्यांना कुणी विचारलंच नाही.

ओवी किती जुनी आहे? कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर यानं ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण, पूर्वी आपल्यासारखंच निजामाच्या राज्यातलं. त्या ग्रंथात गाण्याची माहिती देताना राजा लिहून जातो की महाराष्ट्रात बाया कांडताना ओवी गातात. म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही दीडशे वर्षं आधी ओवी होती आणि ती बाईच्या तोंडी, कामाच्या जागी होती. राजानं ओवीची नोंद केली. गाणाऱ्या एकीचंही नाव त्यात नाही. राजाकडून तशी अपेक्षाही नको.

पण पुढेही तसंच चाललं. विसाव्या शतकात शिकलेल्या लोकांचं लक्ष ओवीकडे गेलं. साने गुरुजींनी ओव्या गोळा करून ‘स्त्री जीवन’ नावानं छापल्या. कमलाबाई देशपांड्यांनी पुस्तक काढलं, त्याचं नाव ठेवलं ‘अपौरुषेय वाङ्मय’. अपौरुषेय म्हणजे कुणा माणसानं न केलेलं, वेदांना तसं म्हणतात. बाईंनी त्यात गंमत केली. पुरुषानं न केलेलं, म्हणजे बायांनी केलेलं! सरोजिनी बाबरांनी राज्याच्या लोकसाहित्य समितीतर्फे वर्षानुवर्षं खंडामागून खंड काढले. या लोकांचे उपकार मोठे आहेत. त्यांनी लिहून घेतलं नसतं तर तेवढंही राहिलं नसतं. पण त्या काळच्या बहुतेक संग्रहांत ओव्यांची विभागणी असते भावाच्या ओव्या, लेकीच्या ओव्या, विठ्ठलाच्या ओव्या अशी. ओवी कुणी सांगितली, कोणत्या गावात, कोणत्या दिवशी, हे ओवीखाली नसतं. समजूत अशी की ओवी सगळ्यांची, म्हणून कुणाचीच नाही. आणि दुसरं, छापलेल्या ओवीत चाल नाही. गाताना बाई मध्येच ‘बाई’, ‘गं’, ‘माझ्या’ असे शब्द घालते, ओळ अर्धी सोडून पुन्हा धरते, खुंटा फिरवता फिरवता दम घेते. कागदावर ते सगळं पुसून दोन स्वच्छ ओळी उरतात. दळलेल्या पिठात जात्याचा आवाज राहत नाही, तसं.

यातून वेगळी वाट काढली ती एका जोडीनं. गी पॉइतवां हे मूळचे फ्रान्सचे. १९७२ साली पुण्यात आले, इथलेच झाले, १९७९ ला त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. त्यांच्या बरोबर हेमा राईरकर, अर्थशास्त्र शिकलेल्या. दोघांनी १९८० मध्ये पुण्यात समाजविज्ञानातल्या सहकारी संशोधनाचं एक केंद्र सुरू केलं. त्याच सुमारास मावळ-मुळशीच्या डोंगरातल्या गरिबांची संघटना उभी राहत होती, गरीब डोंगरी संघटना. त्यात बाया होत्या. बैठकीत पुरुषांसमोर या बाया बोलायच्या नाहीत. पण आपापसांत बसल्या, जन्माची, सासरची, भुकेची गोष्ट निघाली की त्यांच्या तोंडून ओवी यायची. भाषणात जे सांगता येत नव्हतं ते ओवीत आधीच सांगून ठेवलेलं होतं. हेमाताईंच्या आणि गींच्या ध्यानात आलं की आपण या बायांना प्रश्न विचारतोय, पण उत्तरं तर जात्यापाशी पडलेली आहेत.

मग गोळा करायला लागले. कुणी? त्या बायाच. मुळशीतल्या नांदगावच्या कुसुम सोनवणे यांच्यासारख्या, ज्या स्वतः गाणाऱ्याही होत्या आणि संघटनेच्या कार्यकर्त्याही. ज्या लिहू शकत होत्या त्यांनी आईच्या, सासूच्या, शेजारणीच्या ओव्या वहीत उतरवल्या. डोंगरातून काम खाली उतरलं, इतर जिल्ह्यांत गेलं, मराठवाड्यात आलं. पुढे १९९० नंतरच्या वर्षांत ध्वनिमुद्रण सुरू झालं. बर्नार्ड बेल नावाचे, संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे फ्रेंच अभ्यासक त्यात आले आणि वह्यांमधला हा पसारा संगणकावर चढू लागला. आज त्यात एक लाख दहा हजारांच्या आसपास ओव्या आहेत. एक हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त बाया. सुमारे १२० तासांचा आवाज.

एक लाख ओव्या. त्या ठेवायच्या कशा? इथे खरी गोष्ट सुरू होते. आपल्या बचत गटाची वही ज्या सचिव म्हणून लिहितात त्यांना हे लगेच कळेल. रोज आलेला पैसा तारखेवार रोजकीर्दीत लिहायचा, आणि मग खातेवार खतावणीत न्यायचा. रोजकीर्द नसली तर हिशेब खोटा, खतावणी नसली तर हिशेब असून नसल्यासारखा. या लोकांनी दोन्ही ठेवलं.

रोजकीर्द म्हणजे प्रत्येक ओवीला स्वतःचा क्रमांक. तीच ओवी दुसऱ्या गावच्या दुसऱ्या बाईनं गायली, एखादाच शब्द बदलून, तर तिला दुसरा क्रमांक. ‘ही आधी आली आहे’ म्हणून सोडून दिली नाही. ही बारीक गोष्ट आहे, पण सगळं काम त्यावर उभं आहे. ज्याला वाटतं की ओवी एकच आणि बाया तिच्या वाहक, तो एकदाच लिहील. ज्याला वाटतं की गाणारी प्रत्येक बाई ती ओवी स्वतःची करून गाते, तो प्रत्येकीची लिहील. आणि शब्द बदलतो तो उगाच बदलत नाही. एकीच्या ओवीत भाऊ येतो, तीच ओवी दुसरी लेकावर घेते, कारण तिला भाऊ नाही.

ओवीसोबत बाईची माहिती. नाव, गाव, तालुका, जिल्हा, जात, वय, शिक्षण, मुलं किती, काम काय. ध्वनिमुद्रण असेल तर तारीख, कोणत्या टेपेवर, कोणत्या जागी. जात कशाला लिहिली असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या राधाबाई बोऱ्हाडे यांनी बाबासाहेब आंबेडकरांवर गायलेल्या ओव्या ऐकल्या की कळतं. ज्या बायांना गावच्या विहिरीला हात लावू दिला नव्हता त्यांनी त्याच जुन्या ओवीत नवा देव नाही, नवा माणूस आणला. कुणी आणला हे लिहिलंच नसतं, तर पन्नास वर्षांनी कुणी म्हणालं असतं की सगळा महाराष्ट्रच तेव्हा असं गात होता. नोंद असली की असं सोयीचं खोटं बोलता येत नाही.

आता खतावणी. ओव्यांची खाती पाडली. सगळ्यात वर अक्षर, त्याच्या पोटात रोमन आकडा, त्याच्या पोटात साधा आकडा, आणि शेवटी पुन्हा बारीक अक्षर. खाती पाडायची म्हणजे कुठली बाब कुठे ठेवायची हे ठरवावं लागतं, आणि ठरवलं की त्यात आपलं मत येतंच. आपण शंकरपाळ्यांचा खर्च ‘सण’मध्ये टाकतो की ‘किराणा’मध्ये, यावरून घर कळतं. या सूचीत रामाच्या जन्माच्या ओव्या देवाधर्माच्या विभागात आहेत, तिथंच पंढरपूरही आहे. पण सीता तिथे नाही. सीतेचं खातं सगळ्या सूचीत पहिलं, पहिल्या अक्षराचं पहिलं खातं. आणि तिच्या पाठोपाठ येतात बाईच्या जन्माच्या ओव्या, मुलगी झाली म्हणून तोंड पाडणाऱ्या घराच्या.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ विचार करत बसले. एखादा पंडित सूची करता तर सीता रामाच्या पोटात गेली असती, ‘रामायण’ या खात्यात. पण जात्यावर सीता देवी म्हणून येत नाही. वनवासाला लावलेली, गरोदरपणी टाकलेली बाई म्हणून येते. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगुबाई अंबोरे यांच्या आवाजातल्या सीतेच्या वनवासाच्या ओव्या यातच आहेत. फेब्रुवारी १९९७ मधलं ते ध्वनिमुद्रण. तो आवाज ऐकून शब्द न कळणारे परदेशी लोकही गप्प झाले म्हणतात. गंगुबाई काही पुस्तकातली सीता सांगत नाहीत. ओवी जिथं जगली जाते तिथंच तिचं खातं पाडलं, हे मला या कामातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. विद्वानांना पटो न पटो.

एक ओवी एकाच खात्यात बसते असंही नाही. भाऊ वारीला निघालाय आणि बहीण वाटेवर उभी आहे, ही ओवी भावाची की पंढरपूरची? दोन्हीकडची. म्हणून एका खात्यातून दुसऱ्याकडे खूण ठेवली. मघाशी मी म्हटलं ना, पुढचं दार आणि परसदार.

हे काम सुखानं पार पडलं असं नाही. पैसा येत होता तोवर चाललं, आटला तसं थांबलं. गी २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. टेपा, वह्या, संगणकातली नोंद मागे राहिली. अशा वेळी पुढे काय होतं ते मी त्या खोक्यावरून सांगितलंच आहे. पण इथे तसं झालं नाही, कारण दोरे बांधलेले होते. आशा ओगले यांच्यासारख्या जुन्या सहकाऱ्यांनी ठेवा सांभाळला. पी. साईनाथ यांनी ग्रामीण भारताच्या जगण्याचा एक संग्रह इंटरनेटवर सुरू केला आहे, ‘परी’ नावाचा. २०१७ च्या ८ मार्चला, महिला दिनी, त्या संग्रहात या ओव्या यायला लागल्या. नमिता वाईकर आणि हेमाताईंबरोबर काम केलेले जितेंद्र मैड यांनी ते काम हाती घेतलं. आणि त्यांनी काय केलं, नोंदीतलं नाव आणि गाव धरून वीस-वीस वर्षांनी त्या गावांना परत गेले. काही बाया भेटल्या, म्हाताऱ्या झालेल्या. काही गेल्या होत्या, त्यांची लेकरं भेटली. वहीत गावाचं नाव नसतं तर कुठल्या वाटेनं गेले असते?

आपल्या वाचनालयात हे का होत नाही, असं मला कुणी विचारलं तर मी काय सांगू? १९६७ च्या कायद्यानं गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळतं, अ ब क ड असे वर्ग आहेत, दाखल नोंदवही सगळीकडे असते. पण त्या वहीत पुस्तक शिरतं, आवाज शिरत नाही. आणि आवाज तर आता प्रत्येकीच्या पदरात बांधलेल्या मोबाइलमध्ये आहे. आपल्याइतकं ध्वनिमुद्रण आपल्या आधी कुणीच केलं नाही, आणि आपल्याइतकं बिननावाचंही कुणी ठेवलं नाही.

तर माझं त्या बारा आणि तेरा नंबरचं काय झालं ते सांगते. दिवाळीनंतर मी दोन्ही एकटीनं ऐकले, चार-चारदा, वहीत उतरवत. चौथ्या वेळी तेरा नंबरमध्ये मला एक शब्द सापडला जो आधी घरघरीत गेला होता. गावाचं नाव. बाई ओवीत भावाच्या गावाचं नाव घेते ना, वाट वाकडी करून मला भेटायला ये म्हणून. ते गाव थोरल्या आजीच्या माहेरचं. बुलढाणा जिल्ह्यातलं. धाकटीचं माहेर भोकरदनच्या बाजूचं. म्हणजे तेरा नंबर थोरली. बायांनी आपलं नाव नाही सांगितलं, पण माहेर सांगून ठेवलं. मी त्यांच्या लेकीला फोन लावून ऐकवलं. ती काही बोलली नाही, नुसती ऐकत राहिली. मग म्हणाली, पुन्हा लाव.

बारा नंबरचा पत्ता नाही लागला. त्यात गाव नाही, भाऊ नाही, सगळा विठ्ठलच आहे. मी त्याचं नाव बदलून लिहिलं, ‘दोघींपैकी एक, टेंभुर्णी, हळदीचा दिवस’ आणि लग्नाची तारीख. खरं तेवढंच लिहावं. मनानं एकीचं नाव घातलं असतं तर घरात एकीचं मन राहिलं असतं आणि आवाज कायमचा चुकीच्या खात्यावर गेला असता.

आमच्या गटानं आता असं ठरवलंय. ज्या बाईला ओव्या येतात तिच्याकडे दोघींनी जायचं, एकीनं ऐकायचं, एकीनं लिहायचं. आधी विचारायचं, हे कुणाला ऐकवलं तर चालेल, कुणाला नको. सासूवरच्या, नवऱ्यावरच्या ओव्या असतात, गाणारीला गावात राहायचं असतं. ती नको म्हणाली तर वहीत तसं लिहायचं. मग मोबाइलचं बटण दाबायचं आणि गाण्याच्या आधी तिनंच बोलायचं, मी अमुक, माहेर अमुक, आज हा वार, ही तारीख, बाजूला घास घालतेय ती माझी जाऊ अमुक. गौहर जान शेवटी सांगायच्या, आपण आधी सांगू, म्हातारीला पुढे दम लागतो. वही गटाच्या पेटीत राहील, आवाज दोघींच्या मोबाइलमध्ये आणि एका पेनड्राइव्हवर.

पहिल्या दिवशी गेलो तेव्हा जिच्याकडे गेलो ती मावशी ऐंशीच्या पुढची. तिला म्हटलं, आधी तुमचं नाव सांगा. ती म्हणाली, रामभाऊची आई म्हण. म्हटलं, तसं नाही, तुमचं स्वतःचं. तिनं सासरचं नाव सांगितलं. मग जरा थांबली, पदर सारखा केला, आणि म्हणाली, थांब, लग्नात बदललं होतं ते. पहिलं वेगळं होतं.

आम्ही दोन्ही लिहिली.